आमच्या पाऱ्याच्या कुत्र्याचं रक्त

आमच्या घरात एका वेळी एकानेच आजारी पडायचं, असा जणू नियम होता. दोघं एकदम पडले तर चूल कोण पेटवणार? बाबा रायपूरच्या मालधक्क्यावर हमाल. सिमेंट, खत, मीठ, तांदूळ, वाघिणीतून जे उतरेल ते पाठीवर. माय तांदळाच्या गोदामात खडे निवडायची. आजोबा वर्ध्याकडचे, रेल्वेच्या कामामागे इकडे आले आणि गुढियारीत एक पत्र्याची खोली धरून राहिले. त्याच खोलीत आम्ही वाढलो. उन्हाळ्यात दुपारी पत्रा असा तापायचा की आम्ही पोरं समोरच्या गोदामाच्या सावलीत पोत्यांवर झोपायचो.

मी दहा वर्षांची असताना हा नियम मोडला. धाकटा भाऊ झाला आणि मायचं रक्त थांबेना. सरकारी दवाखान्यात सांगितलं, दोन बाटल्या रक्त आणा. बाबांनी हात पुढे केला, तर त्यांचा गट जुळला नाही. घरी येऊन ते उंबऱ्यावर बसले. मी विचारलं, "बाबा, गट म्हंजे काय?"

"मले काय ठाऊक. रक्ताचीबी पार्टी राहते म्हणते. आपली पार्टी वेगळी निघाली."

मग ते मालधक्क्यावर गेले आणि एकेका हमालाला विचारत फिरले. दोन दोन मण पाठीवर घेऊन फळीवरून चालणारी माणसं. पण रक्त म्हटल्यावर प्रत्येकाने मान फिरवली. पोतं उचलणाऱ्याचं रक्त गेलं की पाठ बसते, अशी सगळ्यांची पक्की समजूत. शेवटी दोघं तयार झाले. दोघंही छत्तीसगढी, आमच्याच पाऱ्यातले. पारा म्हणजे मोहल्ला, इथे असंच म्हणतात. त्यांना तसंच कसं पाठवायचं? पाऱ्यातल्या बाया जमल्या. कोणी दूध आणलं, कोणी उकडलेली अंडी, कोणी जलेबी. दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यातला एकजण भडाभडा ओकला. पण गट जुळला, रक्त मिळालं, माय वाचली. त्यानंतर आमच्या पाऱ्यात पद्धतच पडली. कोणी रक्त द्यायला निघाला की आधी त्याला गळ्यापर्यंत खाऊ घालायचं.

माय उठून कामाला लागायला वर्ष गेलं. ते वर्षभर भावाला मी सांभाळलं, म्हणून शाळा सुटली. पुढच्या वर्षी माझ्यापेक्षा लहान पोरींबरोबर त्याच वर्गात बसले. लाज वाटली, पण बसले.

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण त्यात मिरवण्यासारखंच आहे. गुरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला तेव्हा शेजारची बाई मायला म्हणाली, "इतकी शिकून राहिली पोट्टी, अन् होणार काय, तर ढोर डॉक्टर?"

बाबा खाटेवरून म्हणाले, "हव. माणसाच्या डॉक्टरसमोर लाइन लंबी राहते. मले आता लाइनीत उभं राहाचा कंटाळा आला."

मी पास होऊन रायपूरला परत आले तेव्हा राज्य नवीन होतं आणि रायपूर राजधानी झालं होतं. रोज एखाद्या जुन्या इमारतीवर नवा बोर्ड चढायचा. भोपाळहून साहेब लोक येत होते आणि त्यांच्या सामानाबरोबर त्यांचे कुत्रे. डोबरमॅन, अल्सेशियन, लॅब्रेडॉर. सरकारी जीपच्या मागच्या सीटवर जीभ काढून बसलेले हे पाहुणे मे महिन्यात रायपूरला उतरले आणि इथल्या गोचिडांना मेजवानी झाली. गोचिडतापाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटत जातात. हिरड्या आधी गुलाबीच्या फिक्या होतात, मग चुन्यासारख्या. समता कॉलनीतल्या ज्या दवाखान्यात मला नोकरी मिळाली, तिथे त्या उन्हाळ्यात रोज दोन-तीन अशी जनावरं यायची.

दवाखाना ज्यांचा, ते डॉक्टरसाहेब वीस वर्षं जुने. हात असा हलका की सुई कधी गेली ते जनावराला कळायचं नाही. मी त्यांच्याकडून जे शिकले ते कॉलेजात शिकले नव्हते. पण रक्ताच्या बाबतीत त्यांचा एकच मंत्र होता, "कुत्ते में पहली बार सब चलता है." आणि ते खोटं नव्हतं. माणसात चुकीच्या गटाचं रक्त पहिल्याच वेळी घात करतं. कुत्र्यांचेही गट असतात, चांगले आठ-दहा प्रकारचे. पण दुसऱ्या गटाविरुद्धचं हत्यार बहुतेक कुत्र्यांच्या अंगात जन्मतः तयार नसतं. त्यामुळे पहिल्यांदा कोणत्याही निरोगी कुत्र्याचं रक्त चढवलं तरी सहसा निभावतं. डॉक्टरसाहेबांच्या ओळखीच्या एका साहेबांचा डोबरमॅन होता. गरज पडली की त्यालाच बोलवायचं, हा तिथला रिवाज.

मला नोकरी लागून तीन महिने झाले होते. एका सकाळी बूढापाऱ्यातून एक काकू रिक्षाने आल्या. शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीण, घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरला. मुलगा नागपूरला, नवरा वारलेला, घरात त्या आणि एक पिवळसर लॅब्रेडॉर कुत्री. कुत्रीला चादरीत गुंडाळून दोघांनी उचलून आणलं होतं. मी ओठ उचलून पाहिला. हिरडी पांढरी. बोटाने दाबून सोडली तरी रंगच येईना, कारण यायला रंगच उरला नव्हता. श्वास धापेचा.

"रक्त चढवावं लागेल," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि फोनकडे वळले. डोबरमॅनवाल्या साहेबांचा नंबर त्यांना पाठ होता.

मी काकूंना विचारलं, "हिला याआधी कधी रक्त दिलं होतं का?"

"दिलं ना. दोन महिन्यांपूर्वी. मी हिला घेऊन नागपूरला मुलाकडे गेले होते, तिथेच पहिल्यांदा ताप आला. शेजारच्यांच्या कुत्र्याचं घेतलं, दहा मिनिटांत चढवलंसुद्धा. काही तपासलं नाही की काही नाही. टुणकन उठून बसली."

मी डॉक्टरसाहेबांना म्हणाले, "सर, ये दूसरी बार है."

त्यांनी फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. "तो?"

"तो मॅच करके देखना पड़ेगा."

"पिछली बार कुछ नहीं हुआ था."

"पिछली बार कुछ नहीं हुआ, इसीलिए डर है सर."

काकूंना हे बोलणं आवडलं नाही. "अगं, तू खरंच डॉक्टर आहेस ना? की सीखनेवाली आहेस?"

"डॉक्टर आहे काकू. असं समजा, लग्नाच्या पंगतीत एक अनोळखी माणूस जेवून गेला. पहिल्यांदा कोणी विचारत नाही. पण घरच्यांनी चेहरा लक्षात ठेवलेला असतो. दुसऱ्या लग्नात तोच दिसला की दारातच धरतात. हिच्या रक्तानं नागपूरचा पाहुणा पाहून ठेवला आहे. आता त्याच गटाचं कोणी आलं, की हिचंच रक्त त्याला मारायला धावेल. त्या मारामारीत ही जाईल."

डॉक्टरसाहेबांनी फोनवर डोबरमॅन मागवला आणि मला म्हणाले, "कर लो. लेकिन जल्दी."

कॉलेजात ही जुळणी मी एकदाच केली होती, तीही चौघींत मिळून एक. पण वही माझ्याकडे होती. डोबरमॅन आला, त्याचं चमचाभर रक्त घेतलं. त्यातल्या लाल पेशी मिठाच्या पाण्यात तीनदा धुतल्या. लघवी तपासायचं छोटं फिरतं यंत्र होतं दवाखान्यात, तेच वापरलं. आजारी कुत्रीच्या रक्तातलं वरचं पाणी वेगळं काढलं आणि एका नळीत ते नि या धुतलेल्या पेशी एकत्र केल्या. दुसऱ्या नळीत कुत्रीच्याच पेशी आणि तिचंच पाणी, कारण तिचं तिच्याशी पटतं का हे आधी पाहावं लागतं. माझ्या जेवणाचा स्टीलचा डबा रिकामा करून त्यात कोमट पाणी घेतलं, थर्मामीटर बुडवला आणि नळ्या त्यात उभ्या केल्या.

अर्ध्या तासाने दुसरी नळी हलवली. पेशी धुरासारख्या मोकळ्या झाल्या. डोबरमॅनची नळी हलवली. पेशी सुटेचनात. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या.

मी ती नळी डॉक्टरसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीकडे धरली, दोनदा टिचकी मारली. मग डोबरमॅन घेऊन आलेल्या शिपायाला म्हणाले, "ले जाओ भैया, आज इसका काम नहीं."

समता कॉलनीतल्या एका दुकानदाराचा अल्सेशियन आणला. त्याच्याही गुठळ्या. काकू बाकावर बसून कुत्रीच्या कानामागे हात फिरवत होत्या. शहरात आणखी कोणाकडे मोठा कुत्रा आहे, हे मी मनात मोजत होते. तेव्हा आठवला तो आमच्याच पाऱ्याचा.

तो कोणा एकाचा नव्हता. रंगाने भुरा, म्हणून नावही भुरा; रुंद छातीचा, गल्लीतल्या सात घरी जेवून भलता दणकट झालेला. रस्त्यावरचे कुत्रे सहसा काटकुळे असतात, हा पंचवीस किलोचा. रेबीजची लस त्याला कॉलेजात असल्यापासून मीच दरवर्षी सुट्टीत येऊन टोचत होते. मी दुपारी घरी गेले आणि चहाच्या टपरीसमोर त्याच्या पायातून नमुना घेतला. तो माझ्या हातातल्या बिस्किटाकडे पाहत राहिला. दवाखान्यात परत येऊन पेशी धुतल्या, नळी डब्यात ठेवली. काचेवर एक थेंब पसरून त्याला स्वतःला गोचिडताप नाही ना, तेही सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतलं. अर्ध्या तासाने नळी हलवली.

मोकळ्या. सगळ्या पेशी मोकळ्या.

तो देशी होता म्हणून जुळला असं नाही. डोबरमॅनचं जुळून याचं जुळलं नसतं, असंही झालं असतं. जुळला तो जुळला.

काकूंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "कोणत्या जातीचा आहे?"

"गल्लीचा आहे काकू."

"म्हणजे, खातो काय? आमची पहिल्यापासून वरण-भातावर आहे. अंडंसुद्धा नाही."

"जे मिळेल ते खातो. हिला त्याचं जेवण द्यायचं नाही, फक्त रक्त द्यायचं आहे."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही.

तोवर अंधार पडायला आला होता. कुत्री सलाइनवर आणि औषधावर रात्र काढेल, असा डॉक्टरसाहेबांचा अंदाज होता. भुरा दिवसभर खात हिंडलेला, म्हणून रक्त सकाळी उपाशीपोटी, आठला घ्यायचं ठरलं. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "त्याला रात्रीपासून काही खायला देऊ नका. सकाळी रिक्षात घालून आणा." बाबांनी मान डोलावली. त्यांनी त्याला आमच्या अंगणात बांधला आणि खरंच काही दिलं नाही.

माझी चूक इथे झाली. मी फक्त घरी सांगितलं, पाऱ्याला सांगितलं नाही. आणि बाबा कशाला गप्प बसतात? रात्रीच ते टपरीवर सांगून आले होते की उद्या आपला भुरा राजधानीच्या बड्या दवाखान्यात रक्त द्यायला जाऊन राहिला.

सकाळी बाबांनी त्याला पाच मिनिटं मोकळा सोडला. तेवढ्यात पाऱ्याने आपली पद्धत पाळली. आमच्या समोरच्या छत्तीसगढी वहिनी स्वतः रिक्षातून त्याच्याबरोबर दवाखान्यात आल्या आणि खाऊपिऊ घालून आणल्याचं मला अभिमानाने सांगू लागल्या, "खवा-पिया के लाने हन, नोनी. लहू दे बर जावत हे, भूखे पेट कइसे भेजबो?"

"काय काय खाल्लं यानं?"

बाबा जमिनीकडे पाहत म्हणाले, "लिटरभर दूध. जलेबी. कोण्या पोट्ट्यानं रातचं मटण देल्लं. मी नाही नाही म्हणून राहिलो, पण मले कोण इचारते?"

भुरा माझ्या पायाशी बसून मिशा चाटत होता. पोट ढोलासारखं.

मी त्याचं थोडं रक्त घेऊन यंत्रात फिरवलं. वरचं पाणी पिवळसर, स्वच्छ दिसायला हवं. ते दुधासारखं पांढरं. सगळी चरबी रक्तात उतरली होती. असलं रक्त मरायला टेकलेल्या जनावराच्या अंगात घालायचं नसतं. शिवाय भरल्या पोटी झोपेचं इंजेक्शन दिलं, तर उलटी श्वासनळीत जाऊन हाच दगावायचा.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "मॅच तो कल हो गया था. ले लो. वो रुक नहीं सकती."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कुत्री एका मिनिटात छप्पन वेळा श्वास घेत होती. मी थांबले आणि ती गेली, तर दोष माझा. सगळ्या समता कॉलनीला कळलं असतं की नव्या ढोर डॉक्टरणीने मॅचिंग मॅचिंग करता करता काकूंची कुत्री मारली. दुसरीकडे हे चरबीचं रक्त चढवलं आणि काही बिघडलं, तर ते रक्ताने बिघडलं की चरबीने, तेही कळायचं नाही.

मी म्हणाले, "सर, तीन बजे तक रुकेंगे. इसका खून हर घंटे देखूंगी. उसकी साँस सत्तर के ऊपर गई, तो जैसा है वैसा चढ़ा देंगे, मैं खुद."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "सत्तर. मैं भी गिनूंगा."

मग आम्ही वाट पाहिली. भुऱ्याला मागच्या खोलीत ठेवलं, बाबांना त्याच्याजवळ बसवलं. अकरा वाजता पाऱ्यातले चारजण त्याला भेटायला आले, जसं कोणी दवाखान्यात ॲडमिट असलेल्या माणसाला भेटायला जातं. एकाच्या हातात केळी होती. खिडकीतून त्याने एक केळं सोलून आत केलंसुद्धा. बाबांनी ते झडप घालून हिसकावलं आणि स्वतःच खाऊन टाकलं.

"काका, थोड़ा उसको भी दो!"

"याले एक दाणा देल्ला ना, तं माही पोट्टी मलेच सुई टोचन. जा तिकडं!"

बाराला पाणी पांढरं. एकला पांढरं, पण पातळ. काकूंनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. त्या कुत्रीला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत होत्या. वर्गात वाचतात तशा, स्पष्ट उच्चारात. अडीचला डॉक्टरसाहेब माझ्याजवळ आले. "अडसठ."

मी भुऱ्याचा नमुना फिरवला. पाणी पिवळट, किंचित धुरकट, पण आरपार दिसत होतं. वहीतली अक्षरं त्यातून वाचता आली. पुन्हा एकदा पेशी धुतल्या, पुन्हा डबा, पुन्हा अर्धा तास. नळी हलवली. मोकळ्या. वरच्या पाण्याला लाली नाही, म्हणजे पेशी फुटतही नव्हत्या.

"सर, लेते हैं."

पोट अजून पूर्ण रिकामं नव्हतं, म्हणून झोपेचं इंजेक्शन द्यायचं नाही, फक्त मानेची कातडी बधिर करायची असं मी ठरवलं. पण मानेत जाड सुई ठेवून जागा कुत्रा पंधरा मिनिटं हलायचा नाही, हे कसं जमावं? बाबा टेबलाजवळ आले. त्यांनी भुऱ्याचं डोकं आपल्या छातीशी घेतलं आणि एक हात त्याच्या पाठीवर ठेवला. त्या हाताने आयुष्यभर पोती पेलली होती. त्या हाताखालून भुरा कुठे जाणार होता?

"बस ना रे राजा," बाबा म्हणाले. "तुले जलेबी पाह्यजे होती न? खाल्ली न? आता बस."

सुई गेली. पिशवीत रक्त यायला लागलं. माणसांसाठी मिळते तीच पिशवी, आत गोठू न देणारं औषध असलेली. मी ती हलवत राहिले. किती भरली ते पाहायला ताणकाटा होता, पण बाबांनी मोकळा हात पिशवीखाली धरला.

"अजून थोडी कमी आहे."

काट्यावर पाहिलं. खरंच चार-पाच चमच्यांनी कमी होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "झाली." काटा तेच म्हणत होता. डॉक्टरसाहेब हसले. "बाबूजी, आपको नौकरी पे रख लूँ?"

"आता कोठं साहेब. पाठ गेली."

भुऱ्याला पाणी दिलं, मग भात दिला. तो जरा झोकांड्या खात बाहेर गेला आणि सावलीत झोपला. वहिनी त्याला वारा घालत बसल्या.

पिशवी कुत्रीच्या पायाला जोडली. पहिला अर्धा तास थेंब थेंब द्यायचं असतं, कारण काही बिघडायचं असेल तर ते तेव्हाच दिसतं. दर पाच मिनिटांनी मी ताप, श्वास, नाडी पाहत होते. पंधराव्या मिनिटाला कुत्री थरथरायला लागली.

काकू किंचाळल्या. डॉक्टरसाहेबांचा हात औषधाकडे गेला. मी रक्त बंद केलं आणि गुडघ्यांवर बसले. ताप चढलेला नाही. तोंड सुजलेलं नाही. उलटी नाही. लघवीचा रंग पाहिला, लाल नाही. मग मला गार वाऱ्याचा झोत लागला.

"काकू, कूलर कोणी फिरवला?"

"मीच. तिला उकडत असेल म्हटलं."

पाण्याचा कूलर तोंडाशी लावलेला आणि अंगात रक्त नसलेली कुत्री. थंडी वाजणार नाही तर काय होईल? कूलर बंद केला, चादर घातली. पाच मिनिटांत थरथर थांबली. ताप पुन्हा पाहिला आणि रक्त पुन्हा सुरू केलं.

"मी आता कशालाच हात लावत नाही," काकू म्हणाल्या आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसल्या.

साडेसहाला पिशवी संपत आली. श्वास चाळीसवर आला होता. मी ओठ उचलला. हिरडी गुलाबी म्हणता येणार नाही, पण चुन्यासारखीही नव्हती. उन्हाने फिक्या पडलेल्या विटेला असतो तसा हलका रंग. दाबून सोडली तर रंग गेला आणि परत आला. कुत्रीने डोकं उचललं, इकडे तिकडे पाहिलं आणि मग ती वाटीतलं पाणी लपलप प्यायली.

डॉक्टरसाहेबांनी हात धुतले, टॉवेलला पुसले. "वो नली वाला काम," ते म्हणाले, "मुझे भी एक बार सिखाना."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शिकवलं. माझा डबा मी परत नेला आणि दवाखान्यासाठी गरम पाण्याचं छोटं यंत्र आलं. महिन्याभरात शहरातल्या चौदा कुत्र्यांची यादी झाली. मोठे, निरोगी, लस टोचलेले, आधी कधी रक्त न घेतलेले. त्यात तीन साहेबांचे होते, बाकी गल्लीचे. यादीशेजारी मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं की रक्त द्यायच्या दिवशी कुत्र्याला उपाशी आणायचं, आणि हे फक्त घरच्यांना नाही, सगळ्या पाऱ्याला सांगायचं.

काकूंची कुत्री तीन आठवड्यांनी बूढा तलावाच्या काठाने चालायला लागली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली. मी त्या दवाखान्यात अकरा वर्षं काम केलं, आणि त्या अकरा वर्षांत तिथे जुळणी करून पाहिल्याशिवाय एकाही कुत्र्याला रक्त चढवलं गेलं नाही.